बाहेरची

आमच्या शाळेत 'बाहेर' या शब्दाला पोरं टरकायची. बाहेर म्हणजे शिक्षा. गृहपाठ नाही, हो बाहेर. खिदळलास, हो बाहेर. त्यामुळे मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, एका सकाळी पहिलीच्या वर्गात जाऊन कौतुकानं म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही सगळ्यांनी बाहेर शिकायचं हं!" तेव्हा अख्ख्या वर्गानं भोकाड पसरलं. एक जण तर त्यांचे पाय धरायला निघाला. मी शेजारी दुसरीला शिकवत होते. मला वाटलं, कुणाचं डोकं फुटलं.

रडली नाही ती एकच पोरगी. तिचं नावच तिच्या बाईंनी 'बाहेरची' पाडलं होतं. वाचताना अडखळायची, म्हणून शाळा सुरू झाल्यापासून ती दारापलीकडे, अंगणाच्या कडेला उभी. पहिलीच्या बाईंची जीभ म्हणजे कात्री. "दगडाला पाझर फुटेल, पण हिच्या तोंडून अक्षर फुटायचं नाही," असं त्या पोरीदेखत तिच्या आईला म्हणाल्या होत्या. आईनं मान खाली घातली. तेव्हापासून माझा या बाईंवर राग आहे आणि तो मी लपवत नाही.

पोरगी मात्र बाहेर सुखात होती. मधल्या सुट्टीत माझा हात ओढत न्यायची. "बाई, मुंग्यांनी घर बदललं! अंडी तोंडात धरून चालल्यात, बघा ना!" वर्गात मुकी, अंगणात नुसती चुरूचुरू बोलायची.

मग हे बाहेरचं शिकणं बघायला वरचे साहेब येणार, असं कळलं. पहिलीच्या बाईंनी काय करावं? दारं-खिडक्या लावून बाहेरच्या पाठाची तालीम घेतली. पोरं आत बसून घोकायची, "ही पाहा मुंगी. मुंगी कष्टाळू असते. मुंग्या रांगेत चालतात." आणि साहेबांच्या पायाला मुंगी डसू नये म्हणून आदल्या दिवशी सगळं अंगण फिनेलनं धुऊन काढलं.

साहेब आले. पोरांनी लख्ख, रिकाम्या फरशीकडे बोट दाखवून एका सुरात म्हटलं, "ही पाहा मुंगी."

साहेब वाकले. "कुठंय?"

बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात दाराशी नेहमीच्या जागी उभी असलेली बाहेरची बोलली, "तिथे नाहीत त्या. काल औषध ओतलं ना, पुष्कळ मेल्या. उरल्या त्या नळामागे गेल्यात. चला, दाखवते." आणि साहेबांचं बोट धरून ती निघालीसुद्धा. नळामागच्या भेगेपाशी दोघं उकिडवे बसले.

"हे सगळं तुला कुणी शिकवलं?"

"बाईंनी," पोरगी खरं तेच बोलली. "त्या मला रोज बाहेर काढतात."

"रोज? वा!" साहेब बाईंकडे वळले. "बाई, धन्य आहे तुमची! बाहेरच्या शिक्षणाचा फायदा म्हणतात तो हाच."

मला हसू आवरेना. मोठ्या बाईंनीही तोंडाला रुमाल लावला. आमचं ते हसणं पहिलीच्या बाईंनी बरोबर टिपलं.

दुसऱ्या दिवसापासून पहिलीचा वर्ग रोज अंगणात. "सगळे बाहेर," बाई म्हणायच्या आणि मग त्या पोरीला अगदी गोड आवाजात, "तू आत." पोरांना बाहेर आवडायला लागलं होतं, तेव्हा आता आत बसणं हीच शिक्षा. दाराला कडी. पोरगी खिडकीशी उभी राहायला लागली, तर खिडकीही लावली. मी मोठ्या बाईंशी भांडले. त्या म्हणाल्या, "अहो, वाचनात कच्ची आहे ती. तेवढाच सराव." साहेबांनी वाखाणलेल्या बाईंना कोण बोलणार?

पुढच्या वर्षी ती माझ्या वर्गात आली. "घडाघडा वाचते आता, माझं नाव काढेल," पहिलीच्या बाईंनी मला ऐकवलं. मी पहिल्याच दिवशी वर्ग अंगणात नेला. ती हाताची घडी घालून उभी. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "काय गं, मुंग्या कुठे गेल्या?"

मुंग्या तिच्या चपलेवरूनच चालल्या होत्या. तिनं खाली पाहिलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मुंगी कष्टाळू असते," ती म्हणाली. "मुंग्या रांगेत चालतात. बाई, बरोबर आलं ना? आता आत जाऊ?"