बिनअंड्याची पर्स

सेलूत आता कुणाचाही वाढदिवस साधा राहिलेला नाही. कुणाला क्रिकेटच्या मैदानाचा केक हवा असतो, कुणाला ट्रॅक्टरचा. काजलला पर्सचा हवा होता. सिनेमातल्या बायका मनगटाला अडकवून मिरवतात तसली विलायती पर्स, काळी, चौकटीच्या शिवणीची, सोनेरी साखळीची. मी घरी केक करून विकते, म्हणून फोटो पाठवून तिनं मला फोन केला, "मोना, हुबेहूब पाह्यजे. अन् अंडं नको टाकू, आमच्या सासूबाईले चालत नाई."

मला कोण आनंद झाला. काजल माझी शाळेपासूनची मैत्रीण. माझ्या डब्यातली भाकर-चटणी तिनं माझ्यापेक्षा जास्त खाल्ली असेल. पण लग्न होऊन ती बाजारातल्या मोठ्या घरात गेली, आणि त्या घरात माझ्या हातचं कुणी तोंडात घातलं नाही. सफरचंदं नेली की ठेवून घ्यायचे. घरी केलेले लाडू नेले की तिच्या सासूबाईंना, रुख्माबाईंना, नेमका उपास असायचा. आम्ही बौद्ध आहोत, हे तिथं कुणी कधी बोलून दाखवलं नाही. तेवढे सगळे सभ्य. म्हणून वाटलं, अंड्याचं विचारतात म्हणजे या वेळी खायचं ठरलंय. ज्याला खायचंच नाही तो कशाला चौकशी करेल?

मग लागले येड्यासारखी कामाला. जुन्या भांड्यांना अंड्याचा वास असेल म्हणून नवी आणली. दही घालून केक भाजला, थर रचले, सुरीनं तासून पर्सचा आकार दिला. फॉन्डंट म्हणजे साखरेची कणीकच, ती पोळीसारखी लाटून वरून चढवली. पट्टीच्या धारेनं चौकटी पाडल्या, आई ब्लाऊजच्या कापडावर खुणा करायला दातेरी चाक वापरते ते फिरवून टाके उठवले. कूलरची ओल फॉन्डंटला सोसत नाही, म्हणून ऐन उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून घाम गाळला.

वाढदिवसाला पर्स टेबलावर ठेवली तशा बायका फोटोसाठी तुटून पडल्या. रुख्माबाई स्वतः म्हणाल्या की पोरीच्या हातात कला आहे. मी फुगले. तेवढ्यात काजलचा नवरा सचिन फ्रीजमधून एक खोका घेऊन आला. वर्ध्याच्या कुठल्याशा बेकरीतला गुलाबी फुलांचा केक. एवढी सुंदर पर्स कापवत नाही म्हणे, म्हणून कापायला हा. मेणबत्त्या त्याच्यावर लागल्या, टाळ्या त्याला मिळाल्या. रुख्माबाईंनी तो चवीनं खाल्ला आणि बोटंही चाटली.

मी सचिनला विचारलं, यात अंडं आहे का.

"बेकरीचा हाये," तो म्हणाला. "कोन इचारत बसते?"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे अडचण अंड्याची नव्हतीच. मी सुरी उचलली आणि पर्सचा कोपरा कापला. बायका हळहळल्या. तो तुकडा घेऊन मी काजलच्या तोंडाशी हात नेला. सगळे बघत होते. तिनं सासूकडे पाहिलं, माझा हात हळूच खाली दाबला आणि कानाशी लागून म्हणाली, "इथं नको ना, मोना. मागच्या आंगनात चाल, तिथं खाईन."

ती खोटं बोलत नव्हती. खाल्लाही असता तिनं. शाळेतही आवडीनं खायची, पण रोज पाण्याच्या टाकीच्या मागं. वर्गात डबा उघडला की म्हणायची, चल, आपल्या जागेवर जाऊ. इतकी वर्षं मी ती जागा आमच्या मैत्रीची समजत होते.

तुकडा मी तिच्यासमोरच खाल्ला. गोड लागला, आणि मला त्याचाही राग आला. मग उरलेली पर्स दोन्ही हातांनी उचलली आणि घरी निघाले. काजल दारापर्यंत आली. बाहेर रस्त्यावर लोक होते, म्हणून ती दारातच थांबली.