पास्कू पाववाल्याचा सदरा

मालवणहून तारकर्लीकडे जाताना माडांच्या आत एक पावाची भट्टी लागते. तिच्या मागच्या घरात, पडवीतल्या खिडकीपाशी, पायाने चालवायचे एक काळे शिलाई मशीन दिसते ना, मित्रांनो, ते मी. माझे वय झाले आहे. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी बरीचशी पुसली गेली, पण चाक अजून हलके फिरते आणि टाका सरळ पडतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ती बांद्याची बाजारपेठ. तिथल्या एका दुकानातून पास्कू पाववाल्याने मला विकत घेतले आणि एसटीच्या टपावर बांधून घरी आणले. वाटेत प्रत्येक थांब्यावर तो खाली उतरून माझ्या दोऱ्या नीट आहेत ना, ते बघत होता. नवीन लग्न झालेल्या बायकोला, सेवेरिनला, शिवणाची फार आवड होती. तिच्यासाठी मी आले होते.

सेवेरिनने माझ्यावर पहिल्यांदा शिवला तो तिच्या मुलाच्या, बस्त्यावच्या, बाप्तिस्म्याचा झगा. मग वाडीतल्या बायका यायला लागल्या. गणपतीच्या आधी शेजारच्या मुलींचे परकर-पोलके, ईदच्या आधी बंदरावरच्या जोहराभाभीकडचे कपडे, नाताळच्या आधी चर्चच्या वेदीवरचे कापड, सगळे माझ्या सुईखालून जायचे. सेवेरिनने शिवलेले उसवत नाही, असे बायका म्हणायच्या. कौतुक तिचे व्हायचे, पण थोडेसे मलाही मिळाल्यासारखे वाटायचे.

पास्कू रोज पहाटे भट्टीतले गरम पाव टोपलीत भरून सायकलवरून निघायचा. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, डोक्यावर गवती टोपी आणि सायकलला रबरी भोंगा. मसुऱ्यापर्यंतच्या गावांत त्याला सगळे ओळखायचे. त्याचे सगळे सदरे मीच शिवले.

पुढे तयार कपड्यांचे दिवस आले. सेवेरिनची नजर अधू झाली. बस्त्याव मोठा झाला, त्याने भट्टी सांभाळली, जॅसिंता सून होऊन घरात आली आणि मला आतल्या खोलीत हलवण्यात आले. माझ्यावर मैद्याच्या पिशव्या ठेवू लागले. चामड्याचा पट्टा सुकून तुटला. कुणी मुद्दाम दुष्टपणा केला नाही, मित्रांनो. माझे काम उरले नव्हते, एवढेच. पण रिकामे राहणे मलाही जड जायचे.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता पास्कू गेला. घर गप्प झाले. सगळ्यांत गप्प झाली ती त्याची नात, जोवाना. चौथीतली ही मुलगी रोज शाळेतून आली की आजोबांच्या सायकलवर बसून भोंगा वाजवायची. त्यानंतर तिने सायकलला हात लावला नाही. आजोबांना दफनभूमीत नेले तेव्हा ती शेजाऱ्यांकडेच थांबली होती, आणि पुढेही तिकडे जायचे म्हटले की तिचे पोट दुखायचे. घरातल्यांनी तिला जबरदस्ती केली नाही. लहान आहे, हळूहळू विसरेल, असे सगळे आपसात म्हणायचे.

ऑक्टोबर संपत आला तशी ती एके दिवशी घरी येऊन म्हणाली की तिला भुताचा झगा हवा आहे. तिच्या वर्गातल्या संचिताचे वडील निलेश किनाऱ्यावर पर्यटकांसाठी घरगुती निवास चालवतात. तिथे महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी हॅलोविन होणार होते. मुंबई-पुण्याची पाहुणे मुले आणि गावातली मुले भुतांचे वेश करून येणार, कोरलेल्या लाल भोपळ्यात दिवे लावणार, खाऊ मागणार.

बस्त्यावने तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितले. आपण कपाळाला हात लावून क्रुसाची खूण करून दिवस सुरू करणारी माणसे, भूत-सैतान ही आपल्या घरात खेळायची वस्तू नाही, असे तो म्हणाला. शिवाय त्यानंतर दोनच दिवसांनी मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्याचे वडील गेल्यानंतरचा तो पहिलाच, आणि त्या दिवसाच्या तोंडावर पोरीने भूत होऊन नाचायचे हे त्याला सहन होत नव्हते. जॅसिंताला तसे वाटत नव्हते. वर्गातल्या सगळ्या मुली जाणार आणि आपली एकटी घरात बसणार, अशाने ती आणखी कुढेल, असे तिचे म्हणणे होते. दोघांचे आवाज चढले. मी पिशव्यांखालून सगळे ऐकत होते. जोवाना रडली नाही, हट्टही केला नाही. तेच मला बरे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच आतल्या खोलीत आली. तिने पेटी उघडून आजोबांचा सदरा काढला. मग माझा खण ओढून जुनी कात्री घेतली, सदरा जमिनीवर पसरला आणि त्याच्या पाठीवर दोन गोल भोके कापली. तो डोक्यावरून ओढून भोकांतून ती बघू लागली. मला हात असते तर तिला जवळ घेतले असते. एवढ्या काळजीपूर्वक तिने ती भोके कापली होती.

जॅसिंता काहीतरी घ्यायला आली आणि दारातच थबकली. तिच्या मागोमाग बस्त्याव आला. मैद्याने पांढरे झालेले त्याचे हात तसेच राहिले. बापाचा तो सदरा बघून त्याचा चेहरा असा झाला, की आता तो ओरडणार असे मला वाटले. जॅसिंताने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि मुलीसमोर खाली बसली. तिने सदरा हळूच वर केला.

"ह्यो सदरो कित्याक घेतलंस, बाय?"

जोवानाने सदऱ्याची बाही मुठीत धरली. मग म्हणाली, "त्या दिसा मेलेली माणसा परत येतत. वर्गात सगळी सांगतत. भुताचे कपडे घातले की ती आपल्याकडे येतत. माका आजोक बघूचा आसा."

जॅसिंता हळूहळू आणखी विचारत गेली. मग एकेक करत सगळी हकिकत कळली. वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितले होते की दफनभूमीत पुरलेली माणसे भुते होतात. म्हणून ती तिकडे जायला घाबरायची. आणि आजोबा भूत झाले असतील तर त्यांना भेटायला आपणही भूत व्हायला हवे, म्हणून झगा मागत होती. भीती आणि ओढ, दोन्ही घेऊन ती इतके दिवस एकटीच हिंडत होती.

बस्त्याव तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"आजो भूत झालो नाय, बाय," तो म्हणाला. "तो देवाकडे आसा."

"मगे आमच्याकडे येवचो नाय?"

बस्त्यावने तिला मांडीवर घेतले. त्याने खोटा धीर दिला नाही, हे मला अजून आठवते. "नाय येवचो," तो म्हणाला. "माकाय तेची आठवण येता. भट्टी पेटवताना रोज येता. तुका सांगूक होया होता मी."

मग ती रडली. आजोबा गेल्यानंतर पहिल्यांदाच इतके रडली, आणि तिच्याबरोबर तोही.

सेवेरिन तोवर दारात येऊन उभी राहिली होती. कापलेला सदरा तिने उचलला, भोकांतून बोट घालून बघितले आणि रागावली नाही. संध्याकाळी अंगणात बसल्यावर बस्त्याव पुन्हा म्हणाला की काहीही झाले तरी त्या कार्यक्रमाला पाठवणे त्याला पटत नाही. तेव्हा ती मुलाला म्हणाली, "शिमग्याच्या सोंगांपाठसून तू धावय होतंस. बापाशीन तुका अडवल्यान नाय. तुझो हात धरून तुझ्या वांगडा चलत होतो."

बस्त्याव दुसऱ्या दिवशी पाव पोचवायला गेला तेव्हा चर्चमध्ये फादरांना भेटून आला. ते त्याने घरी येऊन जॅसिंताला सांगितले. ती संध्याकाळ म्हणजे मुळात सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ, असे फादर म्हणाले होते. मुलीला नुसते नाही म्हणून सोडू नको, तिथे काय आहे ते आधी स्वतः बघ, आणि काय चालेल, काय नाही, ते तिला कारण देऊन सांग, असेही म्हणाले होते.

म्हणून तो निलेशकडे गेला. तिथे भोपळे होते, कागदी वटवाघळे होती, खेळ होते. एक अंधारी भुताची खोलीही होती आणि तिथे आत्म्यांना हाका मारायचा खेळ ठेवला होता. बस्त्यावने सांगितले की मुलगी खेळायला येईल, पण आत्म्यांना बोलावणे आमच्यात खेळ म्हणूनसुद्धा करत नाहीत, त्या खोलीत ती जाणार नाही. निलेशने वाईट वाटून घेतले नाही. पास्कूच्या टोपलीतला पाव खाऊनच तोही मोठा झाला होता.

घरी आल्यावर बस्त्यावने जोवानाला हे सगळे सांगितले. ती खोली का नको, तेही सांगितले. मग जॅसिंताने विचारले की भूत नाही, तर काय व्हायला आवडेल? जोवानाने फार विचार केला नाही.

"आजो," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या दुपारी माझ्यावरच्या पिशव्या खाली उतरल्या. बस्त्यावने मला उचलून पडवीत उजेडात आणले. गंज पुसला, सांध्यासांध्यांत तेल सोडले, बाजारातून नवा पट्टा आणून बसवला. पहिल्या फेऱ्याला मी इतके कुरकुरले की सगळी हसली. सेवेरिनला सुईत दोरा ओवता येईना, तो जॅसिंताने ओवला. सासू कापड धरायची आणि सून पायडल मारायची. सदरा दोन्ही बाजूंनी आत घेतला, बाह्या आखूड केल्या. पाठीवरच्या दोन भोकांवर तपकिरी कापडाचे दोन गोल तुकडे लावले. ते कसे दिसतात म्हणून जोवानाने लांबून बघितले आणि ते पाव आहेत असे जाहीर केले.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, जॅसिंताने सेवेरिनला सांगताना ऐकले. त्या संध्याकाळी आईवडील दोघेही मुलीबरोबर गेले. भुते, चेटकिणी आणि हाडांचे सापळे यांच्यात एक गवती टोपीवाला बुटका पाववाला शिरला. त्याच्या हातात टोपली होती आणि टोपलीत बस्त्यावने मुद्दाम भाजलेले लिंबाएवढे गोड पाव. बाकीची मुले खाऊ मागत होती, ही पाव वाटत होती. गावातल्या मोठ्या माणसांनी सदरा आणि टोपी बघितली आणि ओळखले. जो तो तिला पास्कूच्या गोष्टी सांगू लागला. कुणाच्या आजारपणात त्याने रोज पाव दारात ठेवला होता, कुणाला सायकल शिकवली होती. जोवानाला यातले काही ठाऊक नव्हते. ती टोपली घेऊन ऐकत उभी राहिली.

मध्येच पाहुण्यांतली एक लहान मुलगी त्या अंधाऱ्या खोलीतून किंचाळत बाहेर आली आणि टेबलाखाली शिरली. तिची आई बोलावत होती तरी येईना. जोवाना टेबलाखाली गेली आणि तिच्याजवळ बसली. काय बोलली ते कुणाला नीट कळले नाही. जॅसिंताने विचारल्यावर तिने सांगितले, "मी तिका सांगलंय, माकाय भिया वाटा होता. पप्पाक सांगलंय आणि कमी झाला." थोड्या वेळाने दोघी पाव खात बाहेर आल्या.

मृतांच्या स्मरणाच्या दिवशी घरची सगळी मेणबत्त्या आणि झेंडूची फुले घेऊन निघाली. जोवानाला कुणी चल म्हटले नव्हते. ती स्वतःच चपला घालून पायरीवर उभी होती. परत आल्यावर तिने माझ्या फळीवर हनुवटी टेकून जणू मलाच सांगितले, की तिथे खूप दिवे होते आणि संचिताच्या घरापेक्षा तिथेच जास्त छान वाटत होते. मग ती अंगणात गेली. जरा वेळाने सायकलचा भोंगा वाजला. सेवेरिनने हातातले काम थांबवून तो ऐकला.

तेव्हापासून मी पडवीतच आहे. उसवलेले, फाटलेले, आखूड झालेले, काही ना काही रोज येते. जोवानाचे पाय आता पायडलला पोचतात. तिचा टाका वाकडा पडतो, पण माझी तक्रार नाही.

माझे मागणे थोडे आहे, मित्रांनो. भीती वाटली तर ती घरच्यांना सांगा, मनात दडवून ठेवू नका. आणि तुमच्या आईवडिलांना माझ्या वतीने सांगा, की मुलाने काही विचित्र मागितले तर हो किंवा नाही म्हणण्याआधी त्याच्याशेजारी बसून, ते का हवे आहे एवढे विचारा. घरातल्या कोपऱ्यात माझ्यासारखे कुणी धूळ खात पडले असेल, तर त्यालाही थोडे तेल द्या.

पुन्हा ऑक्टोबर आला आहे. या वर्षी कोणता वेश करायचा, हे जोवानाने ठरवून टाकले. तिला आजी व्हायचे आहे, आणि त्यासाठी ती सेवेरिनचा चांगला झगा कापायला निघाली होती.

"मी अजून आसंय गो," सेवेरिन म्हणाली. "माका विचार तरी."

म्हणून आता बाजारातून नवे कापड आले आहे, आणि आजी-नात दोघी माझ्याकडे येत आहेत.