बाटलीला लावलेली पिंजर

एकशे बारा नंबरच्या बाटलीचा आकडा स्क्रीनवर आला आणि सिद्धीने तो दोनदा वाचला. डिचोलीच्या खाणींलगतच्या गरोदर बायकांच्या लघवीत शिसं किती उतरतंय, ते तिची लॅब तपासत होती. बाटल्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. पण एकशे बारा तिने स्वतःच नार्व्याला घरी नेऊन दिली होती, सेजलवहिनीला. वहिनीला सहावा महिना, आणि शिसं मर्यादेच्या पंधरा पट! थेट बाळाच्या मेंदूवर उठणारं मेलं विष.

तिने तपासणी पुन्हा लावली. आकडा हलायला तयार नाही.

अर्धी रजा टाकून ती तडक घरी आली. सोप्यावर वहिनी चहात पाव बुडवून खात होती, शेजारी आई भाजी निवडत होती.

"ती बाटली घरात कुणी उघडली होती?" सिद्धीने चपलाही न काढता विचारलं.

"मी गो," आई म्हणाली. "नवी कोरी वस्तू, त्यात बाळाच्या कामाची. पिंजर लावल्याशिवाय वापरतात होय? आत एक बोट टेकवलं. फ्रिजला लावली, स्कूटरला लावली, मग हिनेच काय घोडं मारलंय?"

सिद्धी मटकन खाली बसली आणि हसतच सुटली. आम्लाने चार चार वेळा धुतलेली बाटली, आणि आईने तिला कुंकू लावलं! स्वस्तातल्या लाल रंगात शिसं असतं. म्हणजे विष बाटलीतलं, वहिनीच्या अंगातलं नव्हेच. देवा रे, सुटलो!

"आई, ती जत्रेतली पिंजर आधी फेकून दे. विष आहे त्यात."

"विष कसलं?" सेजल हसली. "दिवस गेल्यापासून रोज पूजा झाली की आई चिमूटभर माझ्या जिभेवर ठेवतात, अंगाऱ्यासारखी. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून."

सिद्धीचं हसू जागच्या जागी विरलं. आईने सुनेच्या पोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. सकाळचा लाल रंग अजून नखाशी होता.

"सिद्धी, बाय," आई अंगठा पदराला पुसत म्हणाली, "उतरेल ना गो ते?"

सिद्धीला हो म्हणायचं होतं. सेजलने हातातला पाव बशीत ठेवला.