ताईचा कागद

विद्यापीठाच्या जुन्या वाचनालयातलं आर्द्रता नोंदवणारं यंत्र माणसाच्या केसांवर चालतं. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि त्याला जोडलेली लेखणी फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर रेघ ओढत राहते. आमच्या विभागाची एक रीत आहे: यंत्राचे केस तुटले, की त्या वेळी ते सांभाळणारी विद्यार्थिनी स्वतःचे केस देते. माझ्याकडे यंत्र आलं तेव्हा त्यात एकोणचाळीस वर्षांपूर्वीचे केस होते. तुटायचं नाव घेत नव्हते.

जुन्या दालनात पुस्तकं ठेवायची की हलवायची, हे माझ्या नोंदींवरून ठरणार होतं. पण रेघेवर दिवसाला दोन उंचवटे येत. शेजारच्या डिजिटल मापकावर त्यांचा मागमूस नसे. खिडक्या बंद, दाराला कुलूप, तरी लेखणी तासाभरात चढायची आणि पुन्हा उतरायची. सर म्हणाले, केस म्हातारे झालेत, पुढच्या सोमवारी बदलून टाक.

हे ऐकून मावशींचा चेहरा उतरला. मावशी वाचनालयात शिपाई होत्या आणि यंत्रातले केस त्यांच्या थोरल्या बहिणीचे होते. ती आमच्याच विभागात शिकायची, इथल्याच वसतिगृहात राहायची. एका सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर पडली ती परतलीच नाही. कुणाचा तरी हात धरून गेली, असं लोकांनी ठरवलं. घरच्यांनीही तेच धरून चालायचं ठरवलं; त्यात निदान ती कुठेतरी संसार करत होती. मावशींनी पुढे इथेच नोकरी धरली. ताईचं वाचनालयाचं कार्ड अजून त्यांच्या खणात होतं.

दर सोमवारी मी कागद बदलायला गेले की त्या पदराला हात पुसत यायच्या. "ताईचा कागद कसा आहे?" मग उंचवट्यांवर बोट फिरवत म्हणायच्या, आजही दोनदा न्हाली, तिला पाण्याचा सोसच फार, आमच्यासाठी तांब्याभर उरू द्यायची नाही. मी हसायचे. डोक्यावरून उतरलेला केस डोक्याशी काही संबंध ठेवत नाही, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनीही नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तरी नको बदलूस. ती आहे, एवढं तरी कळतं मला."

मी मधला मार्ग काढला. कपाटात तसंच दुसरं यंत्र पडून होतं. त्यात माझे केस स्पिरिटने धुऊन बसवले आणि ते पहिल्याच्या शेजारी ठेवलं. माझी रेघ सपाट आली, की मावशींना दाखवायची आणि जुने केस काढून टाकायचे.

आठवड्याने कागद काढला. सोमवार ते शनिवार, रोज सकाळी साडेसहाला एक बारीक उंचवटा. रविवारी तो नऊला. वसतिगृहाच्या न्हाणीघरात गरम पाणी साडेसहाला येतं आणि रविवारी नऊला. मी रोज डोक्यावरून पाणी घेते.

मी तो कागद बाजूला ठेवला. मग मागच्या अकरा आठवड्यांचे ताईचे कागद टेबलावर पसरले आणि पट्टी घेतली. माणूस आंघोळीची वेळ पाळतो किंवा चुकवतो. इथे प्रत्येक उंचवटा आदल्या दिवशीपेक्षा पन्नास मिनिटं उशिरा येत होता, न चुकता. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उंच, मधल्या दिवसांत ठेंगणा. गावातल्या बंदराच्या कार्यालयाबाहेर भरती-ओहोटीचं कोष्टक लावलेलं असतं. जाऊन ते लिहून आणलं आणि ताडून पाहिलं. अकराही आठवडे जुळले. ताई जिथे कुठे होती, तिथे फक्त भरतीचं पाणी पोचत होतं.

मावशी आल्या तेव्हा मला कागद आवरायला वेळ मिळाला नाही. त्यांनी नेहमीचं विचारलं. मी म्हणाले, ठीक आहे, दोनदा न्हाली.

मावशी कोष्टकाकडे बघत होत्या.

"रोज जरा उशीर होतो तिला," त्या म्हणाल्या.

मी कोष्टकाची घडी घालायला घेतली.

"पन्नास मिनिटं. आमचे वडील होडी चालवायचे, बाई. मला भरती शिकवू नकोस."

मग त्यांनी सांगितलं, की हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. आईला मात्र त्या शेवटपर्यंत न्हाण्याचंच सांगत राहिल्या, आणि सांगता सांगता जिभेला तेच वळण पडलं. मी विचारलं, मग केस बदलायला नको का म्हणता.

"बदललेस तर तिच्याकडे बघणारं कुणी उरत नाही."

मी नोंदवहीत लिहिलं: यंत्र चालू, केस तेच. सरांना डिजिटल मापकाच्या नोंदी देऊन टाकेन, असं ठरवलं. मग दुसऱ्या यंत्राचा स्क्रू सैल करून माझे केस सोडवायला घेतले. मावशींनी माझ्या कागदावर बोट ठेवलं.

"ही तू? रविवारी लोळतेस वाटतं."

"गरम पाणीच उशिरा येतं."

त्यांनी माझा हात यंत्रावरून अलगद बाजूला केला आणि स्क्रू पुन्हा घट्ट केला.

"राहू देत तुझेही," त्या म्हणाल्या. "कुणाला तरी कळायला हवं."