मऊ लाद्या

“मारा उडी, मिस्तरी. बिनधास्त!” इंजिनियर म्हणाला.

मिस्तरीने उडी मारली. चाळीस वर्षं फरश्या बसवून कामातून गेलेले त्याचे गुडघे या वेळी कुरकुरले नाहीत. वृद्धाश्रमाच्या न्हाणीघरात बसवलेल्या त्या काळ्या लाद्या जुन्या टायरांचा भुगा दाबून केलेल्या होत्या.

“साहेब, आमच्या म्हातारीला हव्यात या. दोनदा घसरलीय.”

“कोपरे तुटलेल्या आहेत ना, त्या न्या की.”

सायकलवरून तीन खेपा करून त्याने लाद्या घरी आणल्या आणि दाराआड रचल्या. आईने नाक मुरडलं. “कसला रे वास हा? मी काय ट्रक आहे?”

“रविवारी बसवतो बघ.”

पहिला रविवार वृद्धाश्रमाच्या घाईत गेला. दुसऱ्या रविवारी एकाच्या जिन्याच्या फरश्या अडल्या होत्या. तिसऱ्या रविवारी तो नुसता झोपून राहिला. “जगाची घरं सजवता,” बायको म्हणाली, “आपल्याच घराला तेवढा मुहूर्त सापडत नाही.”

गुरुवारी सकाळी आई खाटेवरून न्हाणीकडे निघाली आणि वाटेतच पडली. खुब्याचं हाड मोडलं. हृदय अशक्त, ऑपरेशन झेपणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी कामावर गेला नाही. खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर तो लाद्या बसवत राहिला. आई पडल्या पडल्या बघत होती.

“ती तिरकी बसलीय.”

“नाही गं आई.”

“तिरकीच आहे. बापावर गेलायस अगदी.”

त्याने ती लादी उचलली, पुन्हा बसवली.

“आता?”

“आता बरी आहे.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “उठले की चालून बघेन हं.”

“बघ ना,” तो म्हणाला. मान वर करायचं मात्र त्याच्याच्याने झालं नाही.

तीन आठवड्यांनी ती गेली.

माणसं भेटायला येऊ लागली. चपला बाहेर काढून आत यायची, दोन पावलं टाकून थबकायची. शेजारच्या काकांनी तर पाय दाबून पाहिला.

“टायरच्या का या? छान आहेत हो. म्हाताऱ्या माणसांना बरं.”

“हो,” मिस्तरी म्हणाला, आणि त्यांना बसायला खुर्ची पुढे केली.