हिरडीवरची रेघ

वच्छीच्या हिरडीवर काळपट रेघ दिसली तेव्हा पंचफुलाच्या मनात एकच आलं: पोरगी मिसरी लावते. सासू जिजाबाई भाजलेल्या तंबाखूची पूड रोज दातांना घासायची आणि तिच्याही हिरड्या काळ्याच होत्या. पंचफुलानं पोरीला अंगणात ओढून शेजारणींच्या देखत बडवलं.

"मी नाई लावली वो माय!"

"मंग हे काय शाईनं काढलं?"

कुंपणापलीकडून रुखमा हसली. "आता तुया घरी दोन म्हाताऱ्या झाल्या वो!"

तेव्हापासून वच्छीला सगळे 'मिसरीवाली' म्हणू लागले. पुढे पुढे तिनं नाही म्हणणं सोडलं. विचारलं की म्हणायची, "हो, लावली." त्यानं मार लवकर थांबायचा.

मग तिचं पोट दुखायला लागलं. जेवण नको झालं, चेहरा पिठासारखा पांढरा पडला, शाळेत येणारे पाढे येईनासे झाले. पंचफुला म्हणायची, ढोंग करून राह्यली. बसून करायचं काम मात्र वच्छी निमूट करायची. घर ढिवरांचं, धाम नदीवर मासे धरणारं. बाप जंगलू जामच्या फाट्यावरून मोटारींच्या बॅटऱ्यांतल्या निकामी पट्ट्या आणायचा, घरच्याच चुलीवर शिसं वितळवायचा आणि त्याचे पातळ तुकडे करायचा. जाळं तळाशी बसावं म्हणून ते तुकडे त्याच्या काठाच्या दोरीभोवती गुंडाळून दातानं दाबायचे. मोठ्यांच्या दातांत फटी. वच्छीचे दात बारीक आणि सारखे, म्हणून हे काम तिचंच.

"माह्या पोरीचे दात म्हंजे पक्कड हाय," जंगलू कौतुकानं सांगायचा.

एके दिवशी वच्छीच्या हातून पाण्यानं भरला गडवा सुटला. मनगट लोंबतच राहिलं, वर होईना. तेव्हा कुठे पंचफुला तिला घेऊन वर्ध्याच्या बसमध्ये चढली.

दवाखान्यातलं बाकडं माणसांनी भरलेलं होतं. डॉक्टरांनी वच्छीचा ओठ वर केला. "हे काय गं?"

"मिसरी लावतो जी," वच्छी म्हणाली. "आजीची चोरतो."

"एवढ्या वयात तंबाखू?" डॉक्टरांनी मान हलवली. "बाई, आधी ते बंद करा."

एवढं ऐकून घरी जाता आलं असतं. पण वच्छी डॉक्टरांकडे बघून बोललीच नव्हती. ती आईच्या हाताकडे बघत होती. पंचफुलाचे कान तापले. मिसरीची डबी तिनं केव्हाच ज्वारीच्या कोठीत खोल पुरून ठेवली होती. तरी रेघ गेली नव्हती. हे ठाऊक असून ती मारत राहिली होती, कारण आपलं चुकलं असं रुखमासमोर कोण म्हणणार?

"खोटं बोलून राह्यली थे, डाक्तरसाब," ती कशीबशी म्हणाली. "माह्या धाकानं. डबी तिच्या हाती लागतच नाई. मले मालूम होतं."

बाकड्यावरची एक म्हातारी "अरेरे" म्हणाली. पंचफुलानं पदर तोंडावर ओढला.

डॉक्टरांनी कापसानं हिरडी पुसून पाहिली. रेघ तशीच. घरात काय काम चालतं, हे त्यांनी खोदून विचारलं. जाळ्याचं ऐकताच त्यांनी कापूस खाली ठेवला.

"शिसं विष असतं, बाई. तोंडातून जातं, चुलीच्या धुरातूनही जातं. लहान पोरांना लवकर बाधतं."

"पोरगी बरी होईन ना जी?"

"शिसं सुटलं तर पोटदुखी थांबेल. हाताचं आणि डोक्याचं आज सांगता येत नाही. हिला इथंच राहू द्या."

कपडे न्यायला पंचफुला गावी, पवनारला परतली, ती आधी नदीवर गेली. बायका जाळी घेऊन बसल्या होत्या. रुखमाची धाकटी तोंडात शिशाचा तुकडा धरून दोरी ओढत होती.

"काय वो, मिसरीवालीले कुठं ठेवून आली?" रुखमानं विचारलं.

"थे नाव घेऊ नको. तिनं कधीच लावली नाई. मले मालूम होतं, तरी मी मारत गेली." एवढं बोलताना पंचफुलाला कुणाकडे बघवलं नाही. तिनं वाकून धाकटीच्या तोंडातला तुकडा काढला आणि तिचा ओठ वर केला. दातांच्या मुळाशी बारीक, निळसर काळी रेघ होती.

"अगं रांडे, तू पण?" रुखमानं हात उगारला.

पंचफुलानं तो वरच्यावर धरला. "मारू नको, बाई," ती म्हणाली. "हे मिसरी नाई, शिसं हाय. उठ, हिले घे. वर्ध्याची बस उभी हाय."