तपासनिसांचा लाल ठिपका

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशी सालची. त्या वर्षी तपासनीस निवृत्त झाले, आणि इतकी वर्षं दुकानदारांना दिलेला ताप घरात सुरू झाला.

तपासनीस म्हणजे वजनमापे तपासनीस. चौतीस वर्षं त्यांनी गावभरचे तराजू पारखले होते. ते नुसते रस्त्याने चालले तरी कोपऱ्यावरचा वाणी सवयीने काटा पुसायला घ्यायचा. त्यांच्या बायकोला सगळे धाकटी म्हणत. पन्नाशी आली, मुलीचं लग्न झालं, तरी ती धाकटीच. हे नाव तिला थोरल्या बहिणीमुळे पडलं होतं, आणि ताईला जाऊन एकतीस वर्षं झाली तरी ते तिला चिकटून होतं.

ताईचं मागे एकच उरलं होतं, एक तबकडी. ताई एकोणीस वर्षांची असताना बाजारात एक दुकान निघालं होतं. तिथे काचेच्या खोलीत उभं राहून गायचं आणि आपला आवाज तबकडीवर उतरवून घरी न्यायचा. ताईने एक अंगाई म्हटली. दुसऱ्या कडव्याला शब्द विसरली, "थांबा हं, आठवतं मला," असं म्हणाली आणि पुढे गायला लागली. खोडायची सोय नव्हती, तेव्हा तेही तसंच उतरलं. सहा वर्षांनी ताई बाळंतपणात गेली आणि ती तबकडी धाकटीकडे आली.

एकसष्ट साली घरात रेकॉर्ड प्लेअर आला तेव्हा धाकटीने ती पहिल्यांदा ऐकली. मग दर वर्षी ताईच्या वाढदिवशी एकदा, दार लावून. ताईचा आवाज जड होता, संथ होता. "थांबा हं, आठवतं मला" असं म्हणायची की वाटावं, हिला जगातलं सगळं ठाऊक आहे, फक्त सांगायची घाई नाही. पोरगी तापाने फणफणली तेव्हा आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाही धाकटीने हे चार शब्द मनात म्हणून घेतले होते आणि ती पुन्हा कामाला लागली होती.

त्र्याऐंशीच्या वाढदिवशी अंगाईखाली खरखर ऐकू आली. धाकटीने दुसऱ्याच दिवशी रेडिओ दुरुस्तीवाल्या दाढीवाल्याला घरी बोलावलं. त्याने तबकडी उजेडात तिरकी धरली.

"वहिनी, ही मऊ लाखेची आहे. तुमच्या प्लेअरचा सुईचा हात जड. दर खेपेला सुई आवाज खरवडून काढते. अजून पाच-सहा वेळा वाजेल, मग नुसती खरखर."

"मग काय करायचं?"

"हलक्या हाताचा नवा घ्या. फक्त मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा वेग आहे का तेवढं बघा. हल्ली पुष्कळांत नसतो."

एवढंच काम होतं. पण तपासनीस आतल्या खोलीतून चष्मा पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "हे माझ्यावर सोड."

धाकटीने सोडलं, आणि पुढचे पाच महिने हात चोळत बसली.

तपासनिसांनी वही केली. कुठला प्लेअर पट्ट्याने फिरतो, कुठला थेट मोटरवर, तबकडी ठेवायच्या थाळीचं वजन किती, याचा कीस पाडायला सुरुवात झाली. ते दुकानात पाणसळ घेऊन जायचे आणि प्लेअर ठेवलेलं टेबलच तिरकं आहे असं दुकानदाराला सिद्ध करून दाखवून परत यायचे. एका दुकानात त्यांनी थाळी काढून काट्यावर ठेवायला लावली. कागदावर लिहिल्यापेक्षा ती वीस ग्रॅमनी हलकी भरली. त्या दिवशी ते इतके खुशीत होते की जेवताना दोनदा भात मागितला.

"त्यात अठ्ठ्याहत्तर आहे का?" धाकटीने विचारलं.

"अगं, वीस ग्रॅम. लेखी देतात आणि वीस ग्रॅम खातात."

"वेग विचारतेय मी."

"आधी थाळीची थरथर किती ते बघू. पाया पक्का नको?"

मुलगी माहेरी आली तेव्हा धाकटीने तिच्याजवळ गाऱ्हाणं केलं. मुलगी हसली. "आई, बाबांनी मला नवरा शोधला तेव्हा किती दिवस लागले?"

"चार महिने."

"मग हा त्याच्यापेक्षा चांगला निघेल."

धाकटीला हसू आलं नाही. तिला रोज वाटायचं की कपाटात ठेवल्या ठेवल्याच ताईचा आवाज झिजतोय.

अखेर एका दुपारी तपासनीस टॅक्सीतून उतरले. पाठोपाठ एक भलंमोठं खोकं उतरलं. त्यांनी प्लेअर मांडला, पाणसळीने सपाट केला, चारही पाय फिरवून पुन्हा सपाट केला. जुना प्लेअर सकाळीच दाढीवाल्याकडे जमा करून आले होते. धाकटी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली तबकडी छातीशी धरून उभी होती. बटणं दोनच होती. एकावर तेहतीस, दुसऱ्यावर पंचेचाळीस.

"अठ्ठ्याहत्तर कुठाय?"

तपासनिसांनी वही उघडली. मागची पानं उलटली, पुढची उलटली. थरथरीचे आकडे होते, वजनं होती, हाताची लांबी मिलिमीटरात होती.

"ते राहिलं," ते म्हणाले.

"पाच महिने. एकच गोष्ट सांगितली होती मी, अहो. एकच. मोलकरणीला सांगितली असती तर घेऊन आली असती."

तपासनिसांनी वही मिटली. धाकटीने चपला घातल्या आणि तबकडी घेऊन तशीच निघाली. तपासनीस चार पावलं मागून येत राहिले.

दाढीवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. उघड्या पडलेल्या रेडिओंमधून वाट काढत आत जावं लागे. त्याने काही न विचारता मागच्या फळीवरून एक प्लेअर काढला. हलका हात, तीन वेग. जुन्या तबकड्यांची जाड सुई बसवली आणि हात अलगद टेकवला.

एक पोरगी गायला लागली.

बारीक, घाईघाईचा, जरासा घाबरलेला आवाज. दुसऱ्या कडव्याला अडखळली आणि "थांबा हं, आठवतं मला," असं एका दमात बोलून गेली. वर्गात बाईंनी उभं केल्यावर धडा न आलेली मुलगी बोलते तसं.

"ही माझी ताई नाही," धाकटी म्हणाली. "तुमचा प्लेअर जोरात पळतोय."

दाढीवाल्याने थाळीच्या काठावर दिवा धरला. काठावर बारीक रेघांची रांग होती. "वेग चुकला तर या रेघा पळताना दिसतात, वहिनी. बघा, जागच्या हलत नाहीत."

"माझा जुना कुठाय? तोच लावा."

"त्याचा हात जड आहे. एक खेप वाया जाईल."

"जाऊ दे."

जुना प्लेअर टेबलावर आला. धाकटीने स्वतःच्या हाताने सुई टेकवली. खरखरीतून तीच पोरगी बाहेर आली. तशीच घाबरलेली, तशीच घाईत.

दाढीवाला दाढी खाजवायला लागला. "विकायला ठेवायचा म्हणून मी हा साफ केला. आतलं ग्रीस वाळून दगड झालं होतं. चाकाचं रबर कडक होऊन घसरत होतं. तुमच्याकडे मिनिटाला सत्तर फेरेसुद्धा पुरते होत नसतील."

"कधीपासून?"

"आतली अवस्था बघून तर वाटतं, तुम्ही आणला तेव्हापासूनच. नवा नव्हता ना आणला?"

नव्हता. एका वकिलाच्या घरून आणला होता, आणि आणणारे दारात उभे होते. धाकटी वळली.

"गावभरचे काटे तपासलेत तुम्ही. गवळ्याचं माप ठोकून सरळ केलंत. आणि घरात बावीस वर्षं खोटं वाजत होतं."

तपासनिसांनी जुन्या थाळीला बोट लावलं. ती गरकन फिरली. मान खाली घालूनच ते म्हणाले, "इतरांच्या दुकानांत बघत होतो. घरात कोण बघतं."

धाकटी स्टुलावर बसली. कोणावर चिडावं तेच तिला कळेना. नवऱ्याने अठ्ठ्याहत्तर विसरलं म्हणून चिडावं, की बावीस वर्षं मोजलं नाही म्हणून? दाढीवाल्याने कोणी न सांगता ग्रीस पुसलं, आणि पुसलं ते बरोबरच केलं. तिला ताई परत हवी होती आणि ताई कुठल्याच दुरुस्त प्लेअरवर नव्हती. खरा ताईचा आवाज कसा होता ते आठवायला गेली, तर आठवतही नव्हतं. ताई गेली तेव्हा ती स्वतः एकोणीसची होती. त्यानंतर तिने ऐकला तो वाळक्या ग्रीसमधला.

मग तपासनिसांनी हलक्या हाताच्या प्लेअरच्या कोपऱ्यातली एक छोटी घुंडी चष्मा वर करून बघितली.

"ही कशाची?"

"वेग थोडा कमी-जास्त करायची, साहेब. गवयाच्या सुराशी जुळवून घ्यायला."

"सत्तरापर्यंत येतो?"

"येतो. पण ते चूक होईल."

"तबकडी लाव, धाकटे," तपासनीस म्हणाले. चारचौघांत ते तिला या नावाने कधी हाक मारत नसत.

धाकटीने लावली. त्यांनी घुंडी दाण्यादाण्याने मागे घेतली. काठावरच्या रेघा उलट्या सरकायला लागल्या. पोरगी मोठी होत गेली, तिची घाई सरली, आवाज भरला. दुसरं कडवं आलं.

"थांबा हं," ताई म्हणाली.

"इथेच," धाकटी म्हणाली. "हलवू नका."

दाढीवाल्याकडे स्क्रू पक्के झाल्याची खूण करायला लाल रंगाची बाटली असे. तपासनिसांनी ती मागून घेतली. चौतीस वर्षं त्यांनी खऱ्या मापावर सरकारी शिक्का मारला होता. आता त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि खोट्या मापावर स्वतःच्या हाताने लाल ठिपका दिला. बोट हललं नाही.

"साहेब, तुम्ही असं करताय?" दाढीवाला म्हणाला.

"वाळू दे आता," तपासनीस म्हणाले.

ठिपक्याचा प्लेअर धाकटीने घरी आणला आणि दोन वेगांचा नवा प्लेअर मुलीच्या घरी गेला. तिने त्यावर वर्षभर गाणी ऐकली, मग झाकणावर शिवणाचा डबा ठेवला, तो आजही तिथेच आहे. दाढीवाल्याने पुढे प्लेअर सोडून पंख्यांची दुरुस्ती धरली आणि त्यात त्याचं बरं चाललं. जुना प्लेअर त्याने कुणाला विकला ते त्यालाही सांगता आलं नाही. तपासनीस आणखी अकरा वर्षं होते. दर वाढदिवशी घुंडी ठिपक्यावर तेच आणत, आणि रेघा उलट्या धावायला लागल्या की खिडकीकडे तोंड करून उभे राहत. ते गेल्यावर एका वर्षी धाकटीने घुंडी खऱ्या वेगावर आणली आणि त्या पोरीला एकदा नीट ऐकून घेतलं. बिचारी किती लहान होती. मग घुंडी पुन्हा ठिपक्यावर आणून ठेवली.

आता ती नव्वदीची आहे. तबकडीवर अंगाईपेक्षा खरखर जास्त. परवा नात प्लेअर पुसत होती. कसला तरी डाग आहे असं वाटून तिने त्या लाल ठिपक्याला नख लावलं.

"थांब हं," धाकटी म्हणाली. सावकाश म्हणाली, पण नातीने हात मागे घेतला.